बादली कलंडली, हे चिपला कळायचं कसं?

कलंडत्या बादलीचा पर्जन्यमापक करायला घेतला तेव्हा वाटलं होतं, सगळी कसरत बादलीच्या घडणीत असणार. घडण जमून गेली. गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. बादली कलंडल्याची खबर मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे मोजणी करणाऱ्या चिपला, द्यायला चुंबकी स्विच लागणार हे ठरलेलंच होतं. पण सुट्या भागांची यादी उघडली की रीड स्विच, हॉल स्विच, लॅच, लिनिअर, ओम्निपोलर, टीएमआर अशी नावांची रांग लागते आणि बहुतेकांच्या वर्णनात ‘चुंबक जवळ आला की चालू’ एवढंच असतं. तेवढ्यावरून काय निवडणार?

आधी यंत्र थोडक्यात सांगतो. नरसाळ्यातलं पाणी मधोमध आसावर टेकलेल्या, दोन खणांच्या बादलीत पडतं. एक खण भरला की बादली सी-सॉसारखी त्या बाजूला कलंडते, पाणी ओतते आणि दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. माझ्या नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस सेंटिमीटर. दर ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा कलंडायचं तर खणात ४ मिलिलिटर पाणी जमलं पाहिजे. ताशी १०० मिलिमीटरचा धो धो पाऊस धरला तरी तासाला ५०० वेळा, म्हणजे ७.२ सेकंदांना एकदा. हा ७.२ चा आकडा लक्षात ठेवा, निवडीच्या वेळी तोच कामाला आला.

वीज दोन पेन्सिल सेलची, म्हणजे ३ व्होल्ट. चिप एटीमेगा३२८पी, तीही नुसती, बोर्डाशिवाय. ती गाढ झोपलेली राहणार, पिनवर बदल झाला की इंटरप्टने, म्हणजे त्या बदलाच्याच हाकेने, जागी होणार, मोजणार आणि पुन्हा झोपणार. अशा झोपेत चिप एक मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी करंट खाते. म्हणजे सेन्सरने किती खायचं, यावरच सेलचं आयुष्य ठरणार.

या एका अटीने छंदवाल्यांच्या खोक्यात हमखास सापडणारा ए३१४४ पहिल्याच फेरीत बाद झाला. हा हॉल स्विच (हलते भाग नसलेला, चुंबक ओळखणारा तुकडा) डेटाशीटप्रमाणे ४.५ व्होल्टच्या खाली चालेल अशी हमी नाही, आणि चालू असताना तो सतत ४ मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतो. २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल धरले तर तीन आठवडेसुद्धा निघत नाहीत. त्याच नावाने मिळणारे कितीतरी तुकडे ३.३ व्होल्टवर चालताना दिसतात हे खरं, पण टेबलावर चाललेला तुकडा पावसात आणि थंडीत चालेलच असं नाही. तयार मॉड्यूल घेतलं, केवाय-००३ सारखं, तर त्यावरचा एलईडीही करंट खाणार. शिकायला ही मॉड्यूल्स उत्तम. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालवायच्या वस्तूत त्यांचं काम नाही.

मग रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या दोन पात्या, टोकं एकमेकींवर आलेली, मध्ये केसभर फट. चुंबक जवळ आला की पात्यांच्या टोकांना विरुद्ध ध्रुव येतात आणि त्या एकमेकींना चिकटतात. बेल लॅबमधल्या वॉल्टर एलवूड यांची १९३६ सालची ही कल्पना अजून जशीच्या तशी चालते, कारण तिला स्वतःला वीजच लागत नाही. पर्जन्यमापकात तर ती फारच सोयीची. रीड मधोमध बसवायचा, चुंबक बादलीला चिकटवायचा, कलंडताना तो रीडसमोरून जाणार, संपर्क क्षणभर जुळणार. बाकी सगळा वेळ संपर्क उघडा, म्हणून एरवी पिन ३ व्होल्टला ओढून धरणाऱ्या पुल-अप रेझिस्टरमधूनही काही वाहत नाही.

बसवून पाहिलं. बादली एकदा कलंडली की आकडा दोनाने वाढत होता.

अशा वेळी सगळे एकच सांगतात: संपर्क थरथरतो, डिबाउन्स, म्हणजे थरथरीकडे दुर्लक्ष करायचा वेळ, वाढव. थरथर होतेच, पण तिला दोष देण्याआधी ती पाहावी म्हणून प्रत्येक चढ-उताराची वेळ मायक्रोसेकंदांत छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं. सुरुवातीला पाच-सहा नोंदींचा झुबका, तोही अर्ध्या मिलिसेकंदात आटोपलेला. ती थरथर. मग संपर्क शांतपणे जुळलेला. मग उघडला. आणि जवळजवळ २० मिलिसेकंदांनी पुन्हा तसाच झुबका, पुन्हा जुळणं, पुन्हा उघडणं. थरथर कधी २० मिलिसेकंद विश्रांती घेऊन परत येत नाही. संपर्क खरोखरच दोनदा जुळत होता.

कारण चुंबकाच्या तोंडात होतं. नेहमीच्या चकती चुंबकाचे ध्रुव त्याच्या दोन सपाट बाजूंवर असतात. अशी सपाट बाजू रीडच्या अगदी मध्यावर रोखली की दोन्ही पात्यांच्या आतल्या टोकांना एकच ध्रुव मिळतो, कुणाला कुणाची ओढ राहत नाही आणि संपर्क उघडतो. चुंबक मध्यापासून थोडा अलीकडे किंवा पलीकडे असला की एका पातीचं पारडं जड होतं आणि संपर्क जुळतो. म्हणजे रीडच्या लांबीच्या दिशेने चकती पुढे सरकली तर आधी एक टोक, मग मधली मुकी जागा, मग दुसरं टोक. दोन ठोके ठरलेले. चकती लांबीला काटकोनात, बरोबर मध्यावरून गेली तर आणखी गंमत: ती सगळा वेळ मुक्या जागेतच राहते आणि स्विच मिटतच नाही. ‘रीड खराब निघाला’ म्हणून फेकलेल्या कितीतरी रीडची कथा हीच असणार, असा माझा संशय आहे.

उपाय दोन. चकती कडेवर उभी चिकटवायची, म्हणजे तिच्या ध्रुवांची रेषा रीडच्या लांबीला समांतर होते आणि मध्यावर एक मोठा, स्वच्छ संपर्क मिळतो. फक्त फार जवळ नेऊ नये, नाहीतर दोन्ही टोकांना आणखी दोन छोटे संपर्क उगवतात. दुसरा उपाय म्हणजे प्रोग्रॅममध्येच एका नोंदीनंतर पाव सेकंद कान बंद ठेवायचे. पुढचं कलंडणं काही सेकंदांच्या आत येणारच नाही, तेव्हा हे बेलाशक चालतं आणि बहुतेक जण हेच करतात. मला पहिला उपाय जास्त आवडला, कारण त्यात बिघाड झाकला जात नाही, मुळातच जातो.

रीड हाताळताना दोन गोष्टी मात्र सांभाळाव्याच लागतात. पाय वाकवताना काचेजवळचा भाग पक्कडीत धरून पलीकडचा वाकवायचा, नाहीतर जिथे धातू काचेत शिरतो तिथे तडा जातो, आणि तो इतका बारीक असतो की दिसत नाही. दुसरं, पाय आखूड कापले की रीडची संवेदना कमी होते. ते पाय म्हणजे चुंबकी रेषा गोळा करणारे हातच असतात. डेटाशीटमध्ये रीडची संवेदना ‘अँपिअर-टर्न’मध्ये दिलेली असते. आकडा जितका लहान, तितका रीड हळवा.

आता मोजणी बरोबर यायला लागली होती आणि इथेच थांबता आलं असतं. पण बादलीच्या एका खणात निम्मंअधिक पाणी असताना डब्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. बादली हलली, मध्यापर्यंत झुकली, परत जागेवर आली. आकडा एकाने वाढला. पाऊस शून्य, नोंद ०.२ मिलिमीटर. वाऱ्यावादळात डबा हादरणार, पक्षी येऊन बसणार. चुंबक समोरून ‘गेला’ आणि चुंबक समोर ‘येऊन परत फिरला’ यातला फरक मधोमध बसलेल्या स्विचला कळूच शकत नाही.

इथपर्यंत मी सेन्सरला घटना विचारत होतो: आत्ता काही झालं का? त्याऐवजी स्थिती विचारली तर? बादली डावीकडे टेकली आहे की उजवीकडे, एवढंच. डावीकडून उजवीकडे गेली की एक, परत डावीकडे आली की आणखी एक. अर्धवट झुकून परत आली तर स्थिती बदललीच नाही, मोजायचं काय? शिवाय तारेवर विजेचा एखादा खोटा ठोका आला आणि चिप जागी झाली, तरी ती पिन वाचते, स्थिती तीच दिसते आणि पुन्हा झोपते. यासाठी सेन्सर मध्यावरून हलवून एका टोकाला न्यायचा: बादली उजवीकडे टेकली की चुंबक त्याच्या पुढ्यात मुक्कामाला, डावीकडे टेकली की दूर. या एका बदलाने कोणता स्विच चांगला, याचं उत्तरच फिरलं.

रीडचं पाहा. आता निम्मा वेळ तो मिटलेला राहणार, आणि पावसाळा संपताना बादली नेमकी उजवीकडे थांबली तर पुढचे कित्येक महिने. मिटलेल्या रीडमधून पुल-अपचा करंट सतत ग्राउंडला जातो. १० किलोओहमला ३ व्होल्टवर ०.३ मिलिअँपिअर, म्हणजे सेल नऊ-एक महिन्यांत खलास. चिपच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो, त्याने आयुष्य काही पटींनी वाढेल, पण खर्च चालूच. १ मेगाओहम लावला तर ३ मायक्रोअँपिअर, हे झकास. मात्र ही वस्तू पावसात राहणार. सोल्डरिंगच्या फ्लक्सचे डाग आणि दमट हवा यांच्या मेहेरबानीने पिन आणि ग्राउंड यांच्यात मेगाओहमभराची गळती व्हायला वेळ लागत नाही, आणि मग तेवढ्याच पुल-अपला टांगलेली लाइन ३ ऐवजी दीड व्होल्टवर लोंबकळते. चिपने तिला शून्य म्हणायचं की एक? तीन पायांचा, आलटून-पालटून दोन्हीकडे जुळणारा रीड मिळतो, त्याला पुल-अप लागत नाही. पण तो आणखी नाजूक, आणि काचेची भीती होतीच.

म्हणून परत हॉलकडे आलो, पण वेगळ्या जातीच्या. हॉलचं तत्त्व जुनं आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून करंट नेऊन, काटकोनात चुंबकी क्षेत्र लावलं की वर्खात आडवं व्होल्टेज तयार होतं, हे दाखवलं. ए३१४४ सारखे स्विच तो परिणाम अखंड मोजत बसतात, म्हणून खादाड. नवे कमी विजेचे हॉल स्विच बहुतेक वेळ झोपतात, मधूनच डोळा उघडून बघतात, निकाल पिनवर धरून ठेवतात आणि पुन्हा झोपतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डीआरव्ही५०३२ ची सेकंदाला २० वेळा बघणारी आवृत्ती ३ व्होल्टवर सरासरी १.६ मायक्रोअँपिअर घेते. १.६५ ते ५.५ व्होल्ट चालतात, म्हणजे पेन्सिल सेल मरायला टेकले तरी हा जागा राहील.

खरं तर हा भाग मी सुरुवातीलाच पाहून बाजूला ठेवला होता, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. फोनवर सेकंदाला २४० चौकटींनी बादलीचं चित्रण केलं, तेव्हा चुंबक मधल्या सेन्सरच्या टप्प्यात डझनभर चौकटी टिकत होता, म्हणजे ५० मिलिसेकंद. २० वेळा बघणारा सेन्सर दर ५० मिलिसेकंदांनी डोळा उघडतो, तेव्हा सगळं काठावर. आणखी काटकसर करणारी, सेकंदाला ५ वेळा बघणारी आवृत्ती घेतली असती, तर चारातलं एखादंच कलंडणं तिच्या नजरेस पडलं असतं. पण स्थिती विचारायची ठरल्यावर चुंबक सेन्सरपुढे किंवा सेन्सरपासून दूर निदान ७.२ सेकंद बसून राहणार. तेवढ्या वेळात २० वेळा बघणारा १४४ वेळा डोळा उघडतो. ज्या गुणाने भाग बाद झाला होता, त्याचं आता ओझंच उरलं नाही.

खरेदी करताना मात्र नावापुढच्या शेपटाकडे लक्ष द्यावं लागतं. एकाच क्रमांकाखाली वेगवेगळी संवेदना, वेगवेगळा वेग आणि वेगवेगळं आउटपुट असतं. मला आउटपुट पुश-पुल हवं होतं, म्हणजे लाइन वरही तोच ढकलतो आणि खालीही तोच ओढतो. पुल-अप नको, आणि ओलाव्याची मेगाओहमची गळती त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. नुसती खाली ओढणारी ओपन-ड्रेन आवृत्ती घेतली असती तर पुल-अपचं रडगाणं पुन्हा सुरू झालं असतं. दुसरं, ओम्निपोलर घेतला, म्हणजे समोर उत्तर ध्रुव असो की दक्षिण, चालतो. युनिपोलर स्विचला ठरावीकच ध्रुव लागतो, आणि तोही पॅकेजवर, म्हणजे चिपच्या बाहेरच्या आवरणावर, अवलंबून. मेलेक्सिसचा यूएस१८८१ हा लॅच (एका ध्रुवाने चालू, उलट ध्रुवाने बंद) तीन सरळ पायांच्या पॅकेजमध्ये छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आला की चालू होतो आणि चिमुकल्या एसओटी-२३ मध्ये उत्तर ध्रुवाने. लॅचचा विचार मीही केला होता: दोन टोकांना उलटसुलट दोन चुंबक आणि मध्ये लॅच, म्हणजे शेवटची बाजू तो स्वतःच लक्षात ठेवतो. सुरेख रचना आहे, पण बादलीवर दोन चुंबकांचं वजन तोलत बसायची तयारी नव्हती.

गंमत म्हणजे रीडला नडलेलं चकतीचं तोंड हॉलला अगदी हवं तसं होतं. बहुतेक हॉल स्विच चिपच्या सपाट तोंडावर काटकोनात येणारं क्षेत्र मोजतात. त्यामुळे चकती सपाट बाजूने त्याच्यासमोर आली की झालं. टीएमआर या दुसऱ्या जातीचे चुंबकी स्विच मात्र चिपला समांतर क्षेत्र बघतात, तिथे पुन्हा चुंबक फिरवावा लागेल. करंटच्या बाबतीत तेही काटकसरी, पण हातात होता तो भाग पुरेसा असताना तिकडे गेलो नाही.

राहिलं अंतर. स्विच चालू व्हायला एक मर्यादा असते आणि सुटायला त्याहून कमी असलेली दुसरी. जवळच्या टोकाला पहिलीच्या बरंच वर आणि लांबच्या टोकाला दुसरीच्या बरंच खाली, असं दोन्ही जमलं पाहिजे. अंदाजपंचे चिकटवण्याऐवजी एसएस४९ई हा लिनिअर हॉल ५ व्होल्टवर लावून मल्टिमीटर जोडला. चुंबक नसताना त्याचं आउटपुट निम्म्या व्होल्टेजवर असतं आणि चुंबकी क्षेत्राच्या दर मिलिटेस्लाला साधारण १४ मिलिव्होल्टने सरकतं, म्हणजे घरच्या घरी गॉसमीटरच. वर सरकलं तर छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आहे हेही फुकटात कळतं. एन३५ प्रतीच्या ८ मिलिमीटर व्यासाच्या, ३ मिलिमीटर जाड चकतीचं गणित करून पाहा: ५ मिलिमीटरवर ६८ मिलिटेस्ला, १० वर १६, २० वर पावणेतीन, ४० वर अर्ध्याच्याही खाली. मल्टिमीटरही याच आसपास बोलत होता. मी घेतलेली आवृत्ती ५ मिलिटेस्लाच्या आतच चालू होते, म्हणून जवळचं अंतर ८ मिलिमीटर ठेवलं आणि चुंबक बादलीपासून लांब काढलेल्या दांडीच्या टोकाला लावला, म्हणजे दुसऱ्या बाजूला तो ४० मिलिमीटरपलीकडे जातो. ८ च्या जागी ६ किंवा १० झाले तरी काही बिघडत नाही, एवढी मोकळीक आहे.

चुंबक ओढतोही, हे या सगळ्यात सहज निसटतं. बादली तोलून ठेवलेली असते, एवढ्याशा ओढीनेही ती उशिरा सुटते आणि एका बाजूचा ठोका ४ मिलिलिटरऐवजी जास्त पाण्याचा होतो. रीडच्या पात्या लोखंडी. आसाजवळचे पोलादी स्क्रू लोखंडी. पेन्सिल सेलचं कवचसुद्धा पोलादी. सेल दुसऱ्या टोकाला नेले, स्क्रू पितळेचे लावले. चकतीवरचा निकेलचा मुलामा खरचटला की आतलं निओडिमियम पाण्यात भराभर गंजतं, म्हणून तिच्यावर इपॉक्सीचा थर दिला. सर्किटवर वॉर्निशचे दोन हात.

सायकलचा वेगमापक करणाऱ्याने मात्र माझी निवड उचलू नये. ताशी ३६ किलोमीटरला २ मीटर परिघाचं चाक सेकंदाला ५ फेरे घेतं, आणि आरीवर मध्यापासून पाव मीटरवर लावलेला चुंबक ३ सेंटिमीटरचा टप्पा चार मिलिसेकंदांत ओलांडतो. तिथे विचारायची ती घटनाच, मुक्काम नाहीच. डुलक्या घेणारा हॉल तिथे बहुतेक फेरे गमावेल. साधा रीडच घ्यावा, चुंबकाचं तोंड नीट बघून.

शेवटची तपासणी पाण्याने. बाटलीच्या बुचाला सुईने भोक पाडून ४०० मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोडलं आणि शेजारी बसून कागदावर रेघा मारत गेलो. रेघा आणि चिपचा आकडा तंतोतंत जुळले, मधूनमधून डब्यावर टिचक्या मारूनसुद्धा. दोन्ही ९६ वर थांबले, १०० व्हायला हवे होते. म्हणजे खण थोडे उशिरा रिकामे होतात. खालचे टेकू आता अर्धा-अर्धा आटा वर घेतो आहे.